टोटल स्टेशन घ्यावं की रोव्हर? वाघोलीच्या गटात दोघांच्या मापात १२ सेंटीमीटरचा फरक

गटनंबर विचारतात:

नमस्कार मंडळी. भाड्याने दोन यंत्रं वापरतोय, त्यातलं एकच विकत घ्यायचं आहे. पहिलं पाच सेकंदी टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र; पाच सेकंद ही कोनाची अचूकता, एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), अंतराला २ मिमी + २ पीपीएम (एक पीपीएम म्हणजे किलोमीटरला एक मिमी). दुसरा टिल्टवाला (काठी तिरपी असली तरी चालणारा) जीएनएसएस रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणारा, कागदावर आडवी अचूकता ८ मिमी + १ पीपीएम आणि उंचीला १५ मिमी + १ पीपीएम. कामं सगळी मिसळ: वाघोली, लोणीकंद भागात गटांची मोजणी आणि लेआउट, पुण्याच्या पेठांमध्ये जुन्या वाड्यांचे प्लॅन, मधूनच मुळशीकडे उताराच्या जमिनीचे कंटूर.

वाघोलीच्या पुढे एका मोकळ्या गटात दोन्ही यंत्रं एकाच दिवशी, एकाच खुणांवर लावली. लांब बाजूच्या दोन्ही टोकांना काँक्रीटमध्ये खिळा आहे. टोटल स्टेशनने आडवं अंतर ४१८.३६२ मी. दाखवलं. रोव्हरच्या कोऑर्डिनेटवरून कॅडमध्ये ४१८.२३८ आलं, म्हणजे १२.४ सेंमी कमी. क्षेत्र टोटल स्टेशनवर २६,३१० चौ.मी., रोव्हरवर २६,२९४. रोव्हर कॉर्सला (कायमच्या स्टेशनांवरून मोबाइलने दुरुस्ती पाठवणारं जाळं) जोडलेला होता, सगळे पॉइंट ‘फिक्स’ (सेंटीमीटरभर पक्के झाल्याची यंत्राची खूण), उपग्रहांच्या मांडणीचा आकडा पीडीओपी १.४ च्या आसपास, म्हणजे चांगला. टोटल स्टेशनचं प्रिझम (किरण परत पाठवणारी काच) काठीला बायपॉड (दोन पायांचा आधार) लावून धरलं होतं.

यातलं चुकतंय कोण? आणि एकच घ्यायचं तर कोणतं?

---

लंबक:

दोन्ही यंत्रं बरोबर आहेत. टोटल स्टेशन जमिनीवरचं अंतर देतं आणि तुमचा रोव्हर यूटीएमच्या (गोल पृथ्वी पट्ट्यापट्ट्याने सपाट नकाशावर आणायची पद्धत) कागदावरचं. कॅडमध्ये दोन कोऑर्डिनेटमधलं अंतर मोजलं की ते कागदावरचंच येणार.

पुणे यूटीएम झोन ४३ मध्ये येतं. या झोनचा मधला रेखांश ७५° पूर्व, आणि त्या रेषेवर स्केल फॅक्टर (कागदावर अंतर किती पट होतं तो आकडा) ०.९९९६ धरलेला आहे. म्हणजे रेषेवरच किलोमीटरमागे ४० सेंमी कमी दिसतात. रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकाल तसा फॅक्टर वाढतो. वाघोली साधारण ७३.९८° वर, म्हणजे रेषेच्या १०७-१०८ किमी पश्चिमेला. तिथे फॅक्टर ०.९९९७४३ येतो. त्यात उंचीचा परिणाम मिळवा. एलिप्सॉइडपासून (पृथ्वीचा गणितात धरलेला गुळगुळीत आकार) जमीन अंदाजे ४९५ मीटर वर आहे, त्याचा फॅक्टर ०.९९९९२२. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे कॉम्बाइन्ड फॅक्टर, ०.९९९६६५, म्हणजे किलोमीटरला साडेतेहतीस सेंमी. ४१८ मीटरला १४ सेंमी.

क्षेत्राला हाच फॅक्टर दोनदा लागतो. २६,३०० चौ.मी.वर साडेसतरा चौ.मी.चा फरक त्यातूनच पडतो. एका गुंठ्याचे १०१.१७ चौ.मी. धरले तर ही गुंठ्याच्या सहाव्या हिश्श्याएवढी जमीन झाली, आणि ती नुसती सॉफ्टवेअरच्या सेटिंगमुळे नकाशातून नाहीशी होते.

वाघोलीचा आकडा पाठ करून जिल्हाभर वापरू नका. लोणावळ्याला हा फरक किलोमीटरमागे १४ सेंमीच्या आसपास आहे, पुणे शहरात ३० आणि बारामतीला ४५, कारण बारामती मधल्या रेषेच्या जवळ आहे. दर साइटला गटाच्या मधल्या पॉइंटवरून फॅक्टर काढायचा.

उपाय दोन. रोव्हरच्या कंट्रोलरमध्ये अंतर ‘ग्रिड’ऐवजी ‘ग्राउंड’ ठेवून सगळं काम जमिनीवरच्या मापात करा. नाहीतर यूटीएममध्ये काम करा आणि नकाशावर कॉम्बाइन्ड फॅक्टर ठळक लिहून अंतर व क्षेत्र जमिनीवरचं द्या. अर्धं असं, अर्धं तसं केलंत तर पुढचा माणूस त्या नकाशावरून कंपाउंड आखेल आणि शेवटच्या खांबाला अडकेल.

---

शंकूसाखळी:

लंबक यांचं गणित बरोबर आहे, पण आकडे नीट पाहा. हिशेबाने १४ सेंमी यायला हवे होते, आलेत १२.४. उरलेले १६ मिमी मला टोटल स्टेशनच्या हवामान दुरुस्तीत दिसतात. तापमान आणि दाब भरला होता का? बहुतेक नसणार.

कारखान्यातून यंत्र १०१३ हेक्टोपास्कल आणि १२ किंवा १५ अंशाला शून्य पीपीएम धरून येतं. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर वर, इथला खरा दाब ९४५ ते ९५० च्या घरात. दुपारी ३४ अंश तापमान असेल तर दुरुस्ती कंपनीनुसार ३४ ते ३८ पीपीएम येते. ती भरली नाही तर यंत्र अंतर कमी दाखवतं, ४१८ मीटरला १५ मिमी. म्हणजे जमिनीवरचं अंतर ४१८.३७७ च्या आसपास. आता तुमच्या रोव्हरचे ४१८.२३८ घ्या आणि ०.९९९६६५ ने भागा. ४१८.३७८ येतं. एक मिलिमीटरचा फरक राहिला म्हणून हुरळून जाऊ नका, रोव्हरची स्वतःचीच चूक सेंटीमीटरभर असते, इथे ती नशिबाने जुळली. पण दिशा पक्की आहे.

दाब भरताना नेहमीची चूक सांगून ठेवतो. मोबाइलवरचं हवामानाचं ॲप जो १००८-१०१० दाखवतं तो समुद्रसपाटीला आणलेला दाब असतो. तोच यंत्रात भरला तर पुण्यात १६-१७ पीपीएमची चूक राहते. साइटची उंची भरायची सोय असलेल्या यंत्रात उंची भरा, नाहीतर साधा बॅरोमीटर ठेवा. फोनमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर त्याचं थेट वाचन चालतं. तापमान सावलीत, छातीच्या उंचीवर घ्यायचं. उन्हात ठेवलेल्या पेटीवरचं नको. एका अंशाला साधारण एक पीपीएम, म्हणजे सकाळी भरलेले २२ अंश दुपारी बदलायचे.

पन्नास मीटरच्या प्लॉटला हे सगळं दोन मिलिमीटरचं प्रकरण आहे, तिथे जीव काढू नका. ट्रॅव्हर्सच्या (एका खुणेवरून पुढच्या खुणेवर यंत्र नेत केलेली मोजणी) लांब पायाला मात्र सोडू नका.

---

मुठेकाठ:

खरेदीबद्दल बोलतो. एकच घ्यायचं आणि पेठेतले वाडे यादीत आहेत, तर टोटल स्टेशन. शनिवार-सदाशिवात बोळाची रुंदी आठ-दहा फूट, दोन्ही बाजूंना तीन मजले. रोव्हरला आभाळाची फटच दिसते. तो फिक्स दाखवेलही, पण भिंतीवरून परतलेला सिग्नल धरून दाखवेल आणि पॉइंट अर्धा मीटर शेजारच्या वाड्यात जाईल. पत्र्याची शेड, उंच काचेची इमारत, आंब्या-चिंचेची दाट सावली, सगळीकडे तोच धोका. ‘फिक्स’ हा शब्द दिसला की पॉइंट खरा, ही समजूत रोव्हरवर सर्वात जास्त नुकसान करते.

पाच सेकंदाला घाबरू नका. २०० मीटरवर पाच सेकंद म्हणजे ४.८ मिमी, दोन सेकंद म्हणजे १.९ मिमी. गटमोजणीला दोन्ही पुरतात. जुन्या मोजणीच्या टिपणातली मापं ३३ फुटी साखळीची, एका साखळीचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून जरा जास्त. त्या टिपणावरून कोपरा शोधताना तीन मिलिमीटरवर वाद घालण्यात अर्थ नाही. मोठं लेआउट, पूल, कॉलम सेंटर ही कामं घेणार असाल तर मात्र दोन सेकंदीच घ्या. तिथे चूक पुढे पुढे साठत जाते.

प्रिझमचा कॉन्स्टंट (दर अंतराला लावायची ठरावीक दुरुस्ती) हा खरा चोर आहे. लायकाच्या गोल प्रिझमचा त्यांच्या स्वतःच्या पद्धतीत आकडा शून्य, पण तेच प्रिझम टॉपकॉन किंवा सोकियाच्या यंत्रावर वापरलं तर −३४.४ मिमी भरावा लागतो. उलट −३० चं प्रिझम लायकावर +४.४. भाड्याच्या यंत्राबरोबर प्रिझम दुसऱ्याच कंपनीचं येतं आणि कोणी बघत नाही. मिनी प्रिझमचा आकडा आणखी वेगळा. शंका आली तर सपाट जागेवर एका रेषेत अ, ब, क असे तीन पॉइंट घ्या, साधारण ४० आणि ६० मीटरवर. अब, बक आणि अक तिन्ही मोजा. अब + बक मधून अक वजा करा. उरेल ती शिल्लक चूक, आणि ती दर मापात तेवढीच घुसलेली असते. हे वीस मिनिटांचं काम आहे. खऱ्या अंतराची माहितीसुद्धा लागत नाही.

काठीचा बुडबुडाही बघा. दोन मीटर काठीचा गोल बुडबुडा मीटरला पाच मिलिमीटर चुकला तर प्रिझम एक सेंमी बाजूला. बायपॉडवर काठी उभी करा, बुडबुडा मधे आणा, काठी जागच्या जागी अर्धा फेरा फिरवा. बुडबुडा सरकला तर सरकलेल्याच्या निम्मं खालच्या स्क्रूने, निम्मं बायपॉडने.

---

कॉर्स_वाला:

मी दुसरी बाजू मांडतो. कामाचा मोठा हिस्सा वाघोली-लोणीकंदचे मोकळे गट असेल तर रोव्हरने एका माणसात सकाळभरात जे होतं त्याला टोटल स्टेशनने दोन माणसं आणि दिवस जातो. शिवाय भूमी अभिलेख खातं आता रोव्हरने मोजणी करतं. तुमचे कोऑर्डिनेट सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्सवर असतील तर त्यांच्या खुणेशी थेट ताडून पाहता येतात. हद्द कायम करणं हे त्यांच्याच मोजणीने होतं, आपला खासगी नकाशा त्याची जागा घेत नाही. पण पक्षकाराला आधीच अंदाज देता येतो.

रोव्हर घेतलात तर या गोष्टी सांभाळा. हद्दीचा कोपरा एकदा घेऊन पुढे जायचं नाही. तो घ्या, इतर काम करा, किमान अर्ध्या तासाने रोव्हर पुन्हा फिक्स करायला लावून तोच कोपरा परत घ्या. उपग्रह सरकलेले असतात, त्यामुळे खोटा फिक्स सहसा दोनदा त्याच जागी पडत नाही. दोन मापांत दोन-अडीच सेंमीपेक्षा जास्त अंतर असेल तर तिसरं घ्या. कंट्रोलच्या खुणेवर (जिच्यावर बाकीचं काम बेततं ती पक्की खूण) टिल्ट बंद, बायपॉड लावून तीन मिनिटांची सरासरी. टिल्टचा सेन्सर चालत राहिलं तर ताजा राहतो, एका जागी उभं राहिलं की त्याचं गणित वाहवतं. भिंतीच्या कोपऱ्याला टिल्ट उत्तम, हद्दीच्या दगडाला काठी सरळच.

मुळशी-वेल्ह्याकडे दऱ्यांमध्ये मोबाइलची रेंज जाते आणि कॉर्सची दुरुस्ती थांबते. तिथे स्वतःचा बेस (एका जागी ठेवून रोव्हरला दुरुस्ती पाठवणारा दुसरा रिसीव्हर) लावावा लागतो, आणि इथेच मोठी गफलत होते. बेसला ‘इथेच’ म्हणून चालू केलं तर तो स्वतःची जागा दोन-तीन मीटरच्या चुकीने धरतो. त्या दिवसाचं सगळं काम आपसात जुळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘इथेच’ केलं की नवं काम जुन्यापासून दोन मीटर सरकतं. बेसखाली खिळा ठोका, पहिल्या दिवसाचे आकडे वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी तेच हाताने भरा आणि काम सुरू करण्याआधी कालचा एक पॉइंट तपासा.

उंचीचं वेगळं सांगतो. पुण्यात जिऑइड (समुद्रसपाटीची पातळी जमिनीखालीही पसरलेली धरली तर होणारा पृष्ठभाग) एलिप्सॉइडच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे. जिऑइड मॉडेल न लावता दिलेली उंची बेंचमार्कशी जुळणारच नाही. मॉडेल लावलं तरी रोव्हरच्या उंचीत दोन-तीन सेंमी इकडेतिकडे होतात. कंटूरला चालतं. ड्रेनेजच्या उताराला ऑटो लेव्हलच लावा.

---

शंकूसाखळी:

कॉर्स_वाला यांच्या मुद्द्याला जोडून. लोक रोव्हरने दोन कंट्रोल घेतात आणि त्यावर टोटल स्टेशन लावतात. पद्धत चांगली, पण दोन खुणा किती लांब ठेवायच्या हे कोणी बघत नाही. पेठेच्या तोंडाशी थोडं आभाळ सापडलं म्हणून २० मीटरवर दोन खिळे मारतात. रोव्हरची आडवी चूक फक्त दीड सेंमी धरा. २० मीटरच्या बॅकसाइटवर (यंत्राची दिशा ठरवायला बघितलेली मागची खूण) ती १५५ सेकंद होते. मग पाच सेकंदी यंत्राला काय अर्थ राहिला? त्या दिशेने २०० मीटर पुढे गेलात की १५ सेंमी बाजूला. हेच खिळे १५० मीटरवर असते तर २०० मीटरला चूक दोन सेंमी.

म्हणून बॅकसाइट नेहमी पुढच्या कामाएवढी तरी लांब. वाड्याच्या बोळात शिरायचं असेल तर कंट्रोल बाहेर नदीपात्राच्या रस्त्याला किंवा मोठ्या चौकात घ्या आणि तिथून ट्रॅव्हर्सने आत या. बॅकसाइट घेतली की नुसता कोन शून्य करून मोकळं व्हायचं नाही, अंतरही मोजा आणि कोऑर्डिनेटवरून आलेल्या अंतराशी ताडा. इथेच स्केल फॅक्टरचा घोळ, चुकीचं प्रिझम, चुकीची खूण, तिन्ही पकडली जातात. तिसरी एखादी ओळखीची खूण तपासा, आणि दर पंचवीस-तीस पॉइंटनंतर बॅकसाइटकडे परत या. उन्हात ट्रायपॉडचा पाय डांबरात हळूहळू रुततो.

---

मुठेकाठ:

वाड्यांसाठी आणखी एक. प्रिझमशिवाय लेझरने भिंतीचा कोपरा घेताना १०० मीटरवर ठिपका दीड-दोन सेंमीचा झालेला असतो. कोपऱ्याच्या नेमक्या कडेवर लावलात तर अर्धा ठिपका भिंतीवर, अर्धा मागच्या दारावर, आणि अंतर मधलंच काहीतरी. कडेच्या आत भिंतीवर अंतर घ्या, मग कडेवर फक्त कोन घ्या. बहुतेक यंत्रांत ऑफसेटचा पर्याय असतो. काळी ओली भिंत आणि तिरपा पत्रा सिग्नल परत देत नाहीत. विजेच्या तारांचा गुंता मधे असेल तर अंतर भिंतीचं की तारेचं, हे एकदा पडद्यावर बघून घ्या.

खोल्यांच्या आत हातातला लेझर मीटर पुरतो, दीड-दोन मिलिमीटरचा. तो माप कुठून धरतो, मागच्या कडेपासून की पुढच्या, ते सेटिंग बघा. ते उलटं राहिलं तर दर भिंतीला यंत्राच्या लांबीएवढी चूक.

---

गटनंबर:

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासलं. टोटल स्टेशनमध्ये १२ अंश आणि १०१३ तसेच होते. कंट्रोलरमध्ये अंतर ‘ग्रिड’वर होतं. प्रिझमचा तीन पॉइंटचा प्रयोगही केला: ४०.११४, ६०.२०८ आणि १००.३१८. बेरीज १००.३२२, म्हणजे ४ मिमी जास्त. यंत्र लायकाचं, प्रिझम दुसऱ्या कंपनीचं. त्यावर −३० छापलेलं आहे.

म्हणजे वाघोलीच्या मापातही ४ मिमी गेले. आधी केलेल्या सगळ्या कामांना ही दुरुस्ती लावू का?

---

लंबक:

थांबा, आधी चिन्ह बघा. −३० चं प्रिझम लायकावर +४.४ मागतं. तुम्ही शून्य ठेवलं असतंत तर अंतर कमी आलं असतं आणि बेरजेतून अक वजा केल्यावर −४ उरले असते. तुमचे +४ उरलेत, म्हणजे अंतर जास्त येतंय. मेनूत बघा, कोणीतरी आधीच कॉन्स्टंट भरलेला असेल आणि तो गरजेपेक्षा मोठा असेल. नाहीतर मधल्या ब वर ट्रायपॉड नीट सेंटर झाला नसेल. अ आणि ब दोन्हीकडे सेंटरिंग दोन मिलिमीटर चुकलं तरी एवढी शिल्लक निघते. प्रिझम आणि यंत्र ट्रिब्रॅकवर (ट्रायपॉडवरची सपाटी साधायची बैठक) ठेवा, तेच तीन ट्रायपॉड न हलवता फक्त यंत्र आणि प्रिझम अदलाबदल करत प्रयोग पुन्हा करा, दर अंतर चार वेळा. मग जो आकडा येईल तो खरा.

जुन्या कामांना आत्ताच हात लावू नका. कॉन्स्टंटची चूक लांबीबरोबर वाढत नाही. १० मीटरला ४ मिमी, ४०० मीटरलाही ४ मिमी. गटांच्या मोजणीला ती बुडून जाते. कॉलम सेंटर आखलेलं एखादं काम असेल तर तेवढंच परत तपासा.

आणि खरेदीचं म्हणाल तर टोटल स्टेशन घ्या, रोव्हर कंट्रोलपुरता दिवसाच्या भाड्याने आणा. महिन्यात मोकळ्या गटांचे दिवस पेठेतल्या दिवसांहून जास्त व्हायला लागले की तेव्हा रोव्हरचा विचार करा. घेताना कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र, दोन बॅटऱ्या आणि त्याच कंपनीचं प्रिझम याच बिलात लिहून घ्या.

---

गटनंबर:

मेनूत ‘यूजर प्रिझम’ होतं, +८.९ भरलेलं. भाड्याने नेणाऱ्या आधीच्या माणसाचं असावं. +४.४ केलं. उद्या सकाळी तीन ट्रायपॉड घेऊन प्रयोग पुन्हा लावतो आणि आकडे इथेच टाकतो.